दाद ना फिर्याद

मी कविता लिहिणारा माणूस, त्यामुळे ‘दाद’ हा शब्द माझ्या रोजच्या उठबशीतला. मुशायऱ्यात शेर पोचला की समोरून दाद येते, नाही पोचला तर लोक पानाला चुना लावायला लागतात. पण या शब्दाचा मूळ मुक्काम मैफिलीत नाही. फारसीत ‘दाद’ म्हणजे न्याय. म्हणून कवी दाद घेतो आणि गांजलेला माणूस दाद मागतो. ‘फिर्याद’ही तिकडचीच. फारसीत तिचा अर्थ आर्त हाक, टाहो. आपल्या मराठीने हे दोन्ही पाहुणे शिवकाळाच्याही आधीपासून घरात घेतले आणि त्यांची जोडी जमवून एक म्हणण्याची रीत तयार केली : ‘दाद ना फिर्याद’. हाक मारायची सोय नाही आणि मारलीच तर ऐकणारा कोणी नाही, असा तिचा अर्थ.

आज मला या दोन शब्दांमधल्या अंतराबद्दल बोलायचे आहे. अपहाराची फिर्याद दिली, पोलिसांनी तपास केला आणि ‘प्रकरण बंद करावे’ असा अहवाल पाठवला, तर तो शेवटचा शब्द असतो का? तो अहवाल दंडाधिकाऱ्यांनी मंजूर केला, तर त्यांचा हुकूम कोणी तपासू शकते का? मी वकील नाही. बी. ए. होऊन पुढे कवितेच्या नादाला लागलेला माणूस. पण ही प्रश्नपत्रिका आमच्या घरी आली होती आणि ती माझ्या वडिलांनी सोडवली.

अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. भीमेच्या खोऱ्यातले आमचे तालुक्याचे गाव. सारे गाव त्यांना ‘गुरुजी’ म्हणे. चाळीस वर्षे त्यांनी अंकगणित शिकवले. १९९६ मध्ये निवृत्त झाले तेव्हा फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे जे पैसे हाती आले, त्यातले एक लाख साठ हजार त्यांनी गावातल्या एका पतसंस्थेत ठेवले. संस्थेचा व्यवस्थापक त्यांचाच विद्यार्थी होता. बाजारपेठेतल्या भाजीवाल्या, टेलर, हमाल यांच्याकडून रोज संध्याकाळी पिग्मीचे पाच-दहा रुपये गोळा होत. गुरुजींनी पैसे ठेवले म्हटल्यावर आणखी पुष्कळांनी ठेवले. अब्बांना पुढे आयुष्यभर टोचत राहिले ते हेच.

२००१ च्या दिवाळीनंतर संस्थेचे शटर खाली आले. अब्बांनी आमच्या ओट्यावर लोकांची पासबुके गोळा केली, संस्थेच्या खतावणीचे उतारे मिळवले आणि लाल पेनाने ताळा घेतला. पासबुकात जमा, खतावणीत नाही. ठेव पावती आहे, रोजकीर्दीत त्या दिवशी तेवढी रक्कमच नाही. मराठीत याला ‘अफरातफर’ म्हणतात. हा शब्द अरबीतल्या ‘इफरात’ आणि ‘तफरीत’ या जोडीतून आला आहे. एक म्हणजे प्रमाणाबाहेर अधिक, दुसरा म्हणजे प्रमाणाबाहेर उणे. उर्दू-हिंदीत त्याची ‘अफरातफरी’ झाली, म्हणजे पळापळ. मराठीने मात्र तो हिशेबाच्या वहीत बसवला : इकडे वाढवले, तिकडे कमी केले. संस्थेच्या दारात उर्दूतला अर्थ दिसत होता आणि वहीत मराठीतला.

२००२ मध्ये अब्बांनी फिर्याद दिली. जबाब झाले, पंचनामा झाला, दोन कपाटे सील झाली. दोन वर्षांनी, २००४ मध्ये कळले की पोलिसांनी ‘सी समरी’ मागितली आहे.

हे समरी प्रकरण थोडे समजावून सांगायला हवे. मूळ फौजदारी प्रक्रिया संहितेत हा शब्दच नाही. तो जुन्या मुंबई इलाख्याच्या पोलिसी नियमांतून आला, म्हणून महाराष्ट्रात आणि गुजरातेत तो अजून ऐकू येतो. ‘ए समरी’ म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही किंवा पुरावा हाती लागला नाही. ‘बी समरी’ म्हणजे फिर्याद खोटी, वाईट हेतूने दिलेली. अशा वेळी उलट फिर्यादीवरच कारवाई होऊ शकते. आणि ‘सी समरी’ म्हणजे खरी नाही, खोटीही नाही. समजुतीच्या चुकीने दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची. आमच्या प्रकरणात शेरा होता, ‘ठेवीची देणी-घेणी, बाब दिवाणी स्वरूपाची.’

‘बी’ आली असती तर अब्बा खोटे ठरले असते. ‘सी’ने त्यांना खोटे ठरवले नाही, गैरसमज करून घेणारे ठरवले. हे त्यांना जास्त लागले. ते एवढेच म्हणाले, “बेटा, उत्तर चूक असेल तर चूक म्हणावं. बरोबर असेल तर बरोबर म्हणावं. चूकही नाही, बरोबरही नाही, असा शेरा मी चाळीस वर्षांत एकाही वहीवर दिला नाही.”

आता थोडे मागे जाऊ. पोलीस आणि दंडाधिकारी या दोघांत कोणाचा हात वर, हा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे. पेशवाईत शहराचा कोतवाल पकडायचाही आणि शिक्षाही सुनवायचा. १८१८ नंतर इंग्रज आले. एल्फिन्स्टनच्या काळात, १८२७ मध्ये, मुंबई इलाख्यासाठी लेखी कायद्यांचा संच तयार झाला. तरी कलेक्टर हाच मॅजिस्ट्रेट आणि पोलिसांचा वरिष्ठही तोच. तालुक्यात मामलेदार सारा वसूल करायचा आणि लहानसहान फौजदारी कज्जेही चालवायचा. एकाच कचेरीत तपास आणि तिथेच न्याय. १८६१ मध्ये देशाची पहिली फौजदारी प्रक्रिया संहिता झाली. पुढे १८७२, १८८२ आणि १८९८ मध्ये ती पुन्हा पुन्हा नवी झाली. या संहितांनी एक महत्त्वाची गोष्ट केली. तपास संपला की पोलिसांनी अहवाल दंडाधिकाऱ्याकडे पाठवलाच पाहिजे, मग तो खटला भरण्याचा असो की न भरण्याचा, हे त्यांनी ठरवून दिले. पोलीस ठाण्यात सुरू झालेली गोष्ट पोलीस ठाण्यातच संपवता येणार नाही, असा त्याचा अर्थ.

पण त्या अहवालापुढे दंडाधिकाऱ्याने काय करायचे? १९४४ मध्ये लाहोरकडच्या एका प्रकरणात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की तपास हे पोलिसांचे क्षेत्र आहे, न्यायालयाने त्यात हात घालू नये. दोघांची कामे एकमेकांना पूरक आहेत, एकमेकांवर चढणारी नाहीत. हे तत्त्व चांगलेच होते. न्यायाधीशाने फौजदार होऊ नये, हे कोणालाही पटेल. पण त्यातून काहींनी असाही अर्थ काढला की पोलीस ‘बंद’ म्हणाले की न्यायालयाने मान डोलवायची.

स्वातंत्र्यानंतर आपल्या मुंबई राज्याने एक मोठे पाऊल टाकले. १९५१ च्या कायद्याने न्यायाचे काम महसुली अधिकाऱ्यांकडून काढून वेगळ्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे देण्याची व्यवस्था केली. राज्यघटनेच्या पन्नासाव्या अनुच्छेदात तसे करण्याचे मार्गदर्शन होतेच. देशभर ही विभागणी पक्की झाली ती १९७३ च्या संहितेने, म्हणजे १ एप्रिल १९७४ पासून. अब्बांचा कागद ज्या टेबलावर गेला, त्या टेबलामागे सारा गोळा करणारा अधिकारी नव्हता, न्यायाधीश होता. ही गोष्ट आज आपल्याला साधी वाटते. ती व्हायला सव्वाशे वर्षे लागली.

दरम्यान उच्च न्यायालयांत मतभेद चालू होते. पोलिसांनी ‘खटला होत नाही’ म्हटले आणि दंडाधिकाऱ्यांना ते पटले नाही, तर ते पोलिसांना ‘दोषारोपपत्र दाखल करा’ असा हुकूम देऊ शकतात का? मुंबई आणि पाटणा उच्च न्यायालये ‘देऊ शकतात’ म्हणाली होती. मद्रास, कलकत्ता, गुजरात यांनी ‘नाही’ म्हटले होते. १९६७ मध्ये बिहारमधल्या एका जळिताच्या प्रकरणात, अभिनंदन झा विरुद्ध दिनेश मिश्रा या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने हा वाद मिटवला. मत बनवायचे ते पोलिसांनीच, न्यायालय त्यांच्या तोंडी आपले मत कोंबू शकत नाही. पण न्यायालय त्यांच्या मताला बांधलेलेही नाही. कागद वाचून ते आणखी तपास करायला सांगू शकते किंवा पोलिसांचे मत बाजूला ठेवून स्वतः गुन्ह्याची दखल घेऊ शकते.

मला हा निकाल फार शहाणपणाचा वाटतो. मुलाचे गणित चुकले तर गुरुजी त्याचा हात धरून बरोबर उत्तर लिहवून घेत नाहीत. एक तर ‘पुन्हा कर’ म्हणतात, नाहीतर स्वतः फळ्यावर सोडवून दाखवतात.

पुढचे दुवे भराभर जुळत गेले. १९७३ च्या संहितेत, विधी आयोगाच्या १९६९ च्या अहवालाला अनुसरून, ‘अधिक तपासा’चे स्वतंत्र पोटकलम आले. १९७८ मध्ये कमलापती त्रिवेदी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितले की पोलिसांच्या अंतिम अहवालावर दंडाधिकारी जो हुकूम करतात, ते न्यायिक काम आहे. तो नुसता दप्तरी शिक्का नव्हे. आणि २५ एप्रिल १९८५ ला भगवंत सिंग विरुद्ध दिल्लीचे पोलीस आयुक्त हा निकाल आला. जळून मेलेल्या मुलीच्या वडिलांचा लढा त्यामागे होता. न्यायमूर्ती भगवतींनी लिहिले की पोलिसांचा अहवाल खटला न भरण्याचा असेल, तर तो मंजूर करण्याआधी ज्याने खबर दिली त्याला नोटीस दिलीच पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. ज्याचे नुकसान झाले पण ज्याने खबर दिली नाही, अशा माणसाला नोटीस मिळण्याचा हक्क नाही. मात्र तो स्वतःहून हजर झाला तर त्यालाही ऐकावे.

ज्या टाह्याचा कागद झाला होता, त्याला या निकालाने पुन्हा तोंड दिले.

आता आमच्या ओट्यावर परत येऊ. नोटीस घेऊन एक हवालदार आले. माणूस भला होता, तोही अब्बांच्याच हाताखालून गेलेला. पाण्याचा तांब्या रिकामा करून त्याने खिशातून दुसरा कागद काढला. त्यावर आधीच टंकलेले होते, ‘सदर समरीबाबत माझे काही म्हणणे नाही.’ खाली सहीची जागा. तो म्हणाला, “गुरुजी, सगळे इथंच सही करतात. कोर्टाची चक्कर वाचते.” अब्बांनी चष्मा लावला, कागद वाचला आणि लाल पेनाने ‘काही म्हणणे नाही’ यातला ‘नाही’ खोडून ‘आहे’ केले.

ठरल्या तारखेला अब्बा कोर्टात गेले. आमच्या कोर्टांत फिर्यादीच्या लेखी म्हणण्याला ‘से’ म्हणतात. इंग्रजी शब्द, पण आता अशिलांच्या तोंडी मराठीच झालेला. अब्बांचा ‘से’ अकरा पानी होता, सोबत ताळ्याचा तक्ता. बाजारातल्या काही बायका बरोबर आल्या होत्या. आपण फिर्यादी नाही म्हणून आपल्याला बोलता येणार नाही, असे समजून त्या दाराबाहेर बसून राहिल्या. १९८५ चा निकाल तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. तो त्यांना कोणी सांगितला नव्हता, आणि मलाही माहीत नव्हता. ‘से’ दाखल झाला, पुढची तारीख पडली. त्या तारखेच्या हुकूमात एवढेच होते, ‘अहवाल वाचला. सी समरी मंजूर.’ अकरा पानांचा उल्लेख नव्हता.

पहिल्यांदाच मी अब्बांना बसलेले पाहिले. ते नेहमी उभे राहून शिकवायचे, उभे राहूनच पेपर वाचायचे. त्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर बसले. मी म्हणालो, “अब्बा, संपलं आता.” ते म्हणाले, “निकाल चुकला असेल तर पेपर फेरतपासणीला जातो. इथं तशी सोय नसेल का?”

होती. तिला ‘रिव्हिजन’ म्हणतात, मराठीत पुनरीक्षण. अपिलात सगळा खटला नव्याने तोलला जातो. पुनरीक्षणात वरचे न्यायालय खालची मिसल मागवते आणि तो हुकूम कायद्याला धरून, बरोबर आणि उचित आहे का, हे पाहते. या अधिकाराचाही इतिहास आहे. १८९८ च्या संहितेत सत्र न्यायाधीश मिसल मागवू शकत आणि काही बाबतींत पुढची चौकशी करायला सांगू शकत. पण खालचा हुकूम रद्द व्हावा असे त्यांना वाटले, तर बहुतेक वेळा उच्च न्यायालयाला तसे लिहून कळवावे लागे, आणि हुकूम तिथून होई. १९७३ च्या संहितेने तो अधिकार सत्र न्यायाधीशालाच दिला. म्हणजे निवृत्त शिक्षकाने मुंबई गाठायची गरज उरली नाही, जिल्ह्याची एसटी पुरेशी झाली. मात्र सत्र न्यायालय की उच्च न्यायालय, हे एकदाच निवडायचे. दोन्हीकडे एकामागून एक पुनरीक्षण मागता येत नाही. मुदत नव्वद दिवस. अब्बांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर नव्वद चौकोन मोजले आणि एकोणपन्नासाव्या दिवशी अर्ज दाखल केला.

सत्र न्यायालयात प्रश्न दोन निघाले. पहिला, फिर्यादीचे म्हणणे विचारात घेतले का आणि न घेण्याचे कारण लिहिले का? ते हुकूमात दिसतच होते. दुसरा प्रश्न अवघड होता : हे प्रकरण खरोखर दिवाणी आहे का?

पोलिसांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, हे मला नंतर वाचताना कळले. आपण बँकेत किंवा पतसंस्थेत ठेव ठेवतो, तेव्हा कायद्याच्या भाषेत आपण त्यांना पैसे उसने देतो. त्यांनी परत केले नाहीत तर नुसत्या त्या कारणाने न्यासभंग होत नाही. १९६४ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या वेलजी राघवजी पटेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की भागीदाराने भागीदारीचा पैसा वापरला एवढ्यावरून तो गुन्हेगार ठरत नाही. तो पैसा खास विश्वासाने त्याच्याकडे सोपवलेला होता, हे दाखवावे लागते. दिवाणी भांडणाला फौजदारी रंग देणारे लोक असतातच, आणि त्यांना आवर घालणे हेही न्यायालयाचे काम आहे.

पण नाण्याला दुसरी बाजू होती. ठेवीदाराचा पैसा संस्थेचा होतो हे खरे. मग संस्थेचा पैसा ज्यांच्या हाती सोपवलेला असतो, त्यांचे काय? १९६२ मध्ये उद्योगपती रामकृष्ण दालमियांच्या प्रकरणात, विमा कंपनीच्या पैशांबाबत, सर्वोच्च न्यायालयाने ठरवले होते की कंपनीच्या बँक खात्यातला पैसा हीसुद्धा ‘मालमत्ता’च आहे आणि अध्यक्षावर भरवसा टाकून तो त्याच्या ताब्यात दिलेला असतो. त्याआधी, १९६० मध्ये, मुंबई राज्यातल्या एका कापडाच्या प्रकरणात याच न्यायालयाने म्हटले होते की माल नेमका कसा आणि कुठे वळवला, हे दर वेळी दाखवावेच लागते असे नाही. ज्याच्याकडे सोपवला त्याला हिशेब देता येत नसेल किंवा त्याने दिलेला खुलासा खोटा ठरत असेल, तर त्यावरून अप्रामाणिकपणाचा निष्कर्ष काढता येतो.

हे अब्बांना कोणी वकिलाने सांगण्याआधीच त्यांच्या ‘से’त त्यांच्या भाषेत लिहिलेले होते, “माझे पैसे परत द्या असे मी म्हणत नाही. संस्थेच्या वहीतून ते कसे गेले, ते दाखवा असे म्हणतो.” पहिले वाक्य दिवाणी आहे आणि दुसरे फौजदारी. दोन्हींमधली रेघ एवढीच असते.

मग एक वेगळीच गोष्ट घडली. सुनावणीच्या दिवशी दुसऱ्या बाजूला तो व्यवस्थापक आणि संस्थेचा तरुण रोखपाल उभे होते. पुनरीक्षणात आरोपीच्या विरुद्ध काही हुकूम करायचा तर त्यालाही ऐकावे लागते, असे संहितेतच आहे. २०१२ मध्ये गुजरातेतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केले. तिथेही फसवणुकीच्या तक्रारीत पोलिसांची सी समरी मंजूर झाली होती आणि तक्रारदार वर गेला होता. ज्यांच्यावर आरोप आहे त्यांना पुनरीक्षणात बोलू दिले पाहिजे, असा निकाल झाला. मला २००५ मध्ये यातले काही माहीत नव्हते. मला फक्त राग आला. ज्यांनी आमचे बोलणे कधी ऐकले नाही, त्यांचे का ऐकायचे?

रोखपालाच्या वकिलांनी सांगितले की पोरगा दरमहा बाराशे रुपयांवर होता, सांगतील तिथे सही करत होता, त्याची स्वतःच्या आईची ठेवही त्याच संस्थेत बुडाली आहे. बाहेर आल्यावर मी काहीतरी कडू बोललो. अब्बा थांबले. म्हणाले, “त्याचं ऐकलं हे बरं झालं. ही गोष्ट माझ्या तक्त्यात नव्हती.”

सत्र न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांचा हुकूम रद्द केला. दोषारोपपत्र दाखल करा, असे सांगितले नाही. तसे सांगता येत नाही हे १९६७ पासून ठरलेले आहे. फिर्यादीचे म्हणणे विचारात घेऊन, कारणे देऊन, समरीवर नव्याने निर्णय करावा, असे म्हटले. प्रकरण पुन्हा त्याच कोर्टात आले. तेव्हा तिथे दुसरे न्यायाधीश होते. त्यांनी ताळ्याचा तक्ता समोर ठेवून अधिक तपासाचा हुकूम दिला. सील केलेली कपाटे पाच वर्षांनी उघडली. २००७ मध्ये दोषारोपपत्र दाखल झाले. त्यात रोखपाल आरोपी नव्हता, साक्षीदार होता.

पुढे सगळे सुरळीत झाले असे सांगितले तर ते खरे होणार नाही. खटला चालत राहिला. अब्बा साक्षीला उभे राहिले आणि उलटतपासणीत दोन तास तोंडी आकडे सांगत होते. २०११ मध्ये ते गेले. निकाल लागला त्यानंतर काही वर्षांनी. काही दोषी ठरले, काही सुटले. अवसायकाकडून ठेवीदारांना एकतृतीयांशाच्या आसपास पैसे मिळाले. पिग्मीवाल्या बायकांपैकी काहींचे वारस सही करायला आले होते.

जुन्या संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. कलमांचे आकडे बदलले, पण सांगाडा तोच आहे. पोलिसांचा अहवाल आज १९३ व्या कलमाखाली जातो, पुनरीक्षणाचा अधिकार ४३८ व्या कलमापासून पुढे आहे. भर पडली ती दोन गोष्टींची. तपास कुठवर आला हे पोलिसांनी नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचे आहे. आणि खाजगी तक्रारीवरून न्यायालय दखल घेणार असेल, तर त्याआधी आरोपीला बोलण्याची संधी द्यायची आहे. दोन्ही बाजूंना ऐकण्याच्या दिशेनेच हा रस्ता चालला आहे. तरीही एखादा हवालदार आजही खिशातून तो टंकलेला कागद काढत असेल आणि कोणीतरी न वाचता त्यावर सही करत असेल, तर या सगळ्या इतिहासाचा त्या घरापुरता काही उपयोग नाही.

म्हणून एवढे लक्षात ठेवावे. आपण दिलेल्या फिर्यादीवर समरी आली तर कागद वाचल्याशिवाय सही करू नये. म्हणणे लिहून द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. समरी मंजूर झाली तर हुकूमाची प्रमाणित प्रत मागावी, त्यात आपल्या म्हणण्याचा उल्लेख आहे का पाहावे आणि नव्वद दिवस मोजावेत. आपण फिर्यादी नसलो पण बुडालेला पैसा आपला असला, तर दाराबाहेर बसू नये.

अब्बांच्या पेटीत दोन कागद एकत्र घडी करून ठेवलेले सापडले. एक ‘सी समरी मंजूर’ हा एका ओळीचा हुकूम आणि दुसरा सत्र न्यायालयाचा नऊ पानी निकाल. दुसऱ्याच्या सातव्या पानावर ‘फिर्यादीने आपल्या म्हणण्यात नमूद केले आहे की’ असे शब्द आहेत. त्याखाली त्यांनी लाल पेनाने रेघ ओढली होती आणि समासात, वहीवर करत तशीच, बरोबरची छोटी खूण केली होती.

मुशायऱ्यात मला पुष्कळदा दाद मिळाली. तशी मात्र कधी मिळाली नाही.